माळ कोणी काढायची

माळ घातली की संदेश पीत नाही, हे काचीगुड्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. का पीत नाही, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्याची बायको तेजश्री हिनंही नाही. कार्तिक सरत आला की घर शांत व्हायचं आणि संक्रांतीच्या आसपास ती शांतता संपायची. चालू शांततेची कारणं विचारत बसायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

माळ अयप्पास्वामींच्या दीक्षेची. त्या दिवसांत काळी लुंगी, काळा सदरा, कपाळावर चंदन आणि अनवाणी पाय असे पुरुष हैदराबादेत बसमध्ये, बँकेत, भाजीच्या गाड्यापाशी सगळीकडे दिसतात. गुरुस्वामी गळ्यात माळ घालतात. तेव्हापासून महिना-दीड महिना पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, दोन वेळा पूजा, चटईवर झोप, ब्रह्मचर्य. मांस नाही, सिगारेट नाही, दारू नाही. मग डोक्यावर नारळ-तांदळाचं गाठोडं घेऊन केरळला जायचं, डोंगर चढायचा, दर्शन घ्यायचं आणि परत येऊन माळ काढायची. दीक्षेतल्या माणसाला सगळे 'स्वामी' म्हणतात. तोही भेटेल त्या पुरुषाला स्वामी म्हणतो आणि प्रत्येक बाईला 'माता'. यातून घरची बायकोही सुटत नाही.

"माता, मीठ द्या," असं संदेश पहिल्या वर्षी जेवताना म्हणाला, तेव्हा तेजश्रीला हसू आवरलं नव्हतं. आता ती मुकाट्यानं मीठ द्यायची.

संदेशचं घराणं मूळ देगलूरकडचं, शेतकरी. आजोबा निजामाच्या अमदानीत शहरात आले ते इथलेच झाले. संदेश एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बुकिंग ऑफिसात कामाला होता. तेजश्री पुण्याची. बरकतपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये ती रक्ततपासणीचं काम करायची, त्यामुळे नवऱ्याच्या लिव्हरचे आकडे तिनं स्वतःच्याच मशीनवर पाहिले होते. एरवी तो रोज प्यायचा. मागच्या उन्हाळ्यात पिऊन स्कूटर चालवताना तो चौरस्त्यावर पडला. मागे त्यांची मुलगी राणी बसली होती. तिच्या हनुवटीला टाके पडले. त्यानंतरही पिणं थांबलं नाही. राणीला स्कूटरवर घेणं तेवढं थांबलं.

त्याच्या गुरुस्वामींच्या मंडळींत एक रीत होती. ज्याची आई हयात आहे त्याची माळ आईनं घरी काढायची. आई देवापुढं नारळ फोडते, मुलाच्या गळ्यातली माळ उतरवते, मुलगा पाया पडतो. दरवर्षी हे काम कुसुमताई करायच्या, आणि दरवर्षी त्याच संध्याकाळी मोकळे झालेले सगळे स्वामी स्टेशनजवळच्या वाईन्सवर जमायचे. काळे कपडे धुवायला टाकून, रंगीत शर्ट घालून.

या वर्षी संदेशनं परतीच्या गाडीतून फोन केला. "आई, सकाळी पोचतो. नारळ आणून ठेव."

"हौ," म्हणून कुसुमताईंनी फोन ठेवला आणि पिशवीत दोन लुगडी भरली.

"कुठं निघालात?" तेजश्रीनं विचारलं.

"भगवंताकडं. तारनाक्याला." भगवंतराव त्यांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले.

"अहो, उद्या संदेश येतोय. माळ काढायची..."

"म्हणून तर जायलेय. दरसाल ह्या हातानं माळ काढते अन् संध्याकाळी तो झोकांड्या खात येतो. म्हणजे मीच पाजायलेय की त्याला! ह्याच्या बापानं तुळशीची माळ घातली ती घातली, चितेवर जाईस्तोवर गळ्यात होती. माळ म्हणजे माळ. ही कसली, भाड्यानं आणल्यावानी? घाला, वापरा, परत करा. मी नाही काढत. मीच नसले तर कोण काढतो बघू."

"आणि हे कधीपर्यंत?"

"मी मरेस्तोवर," कुसुमताई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

सकाळी संदेश आला. दाढी वाढलेली, पायांना भेगा, चेहरा मात्र ताजा. आई कुठं आहे ते ऐकून त्यानं खांद्यावरची पिशवी दारातच खाली ठेवली. मग "बरं" म्हणाला आणि चटई अंथरून झोपला.

तेजश्रीला वाटलं होतं की तो चिडेल, तारनाक्याला जाईल, आईला घेऊन येईल. यातलं काही झालं नाही. संध्याकाळी नरसिंगचा फोन आला. नरसिंग म्हणजे संदेशचा शाळेपासूनचा दोस्त, माळेतला आणि माळेबाहेरचाही. फोन स्पीकरवर होता.

"क्या स्वामी, निकली क्या तुम्हारी?"

"अम्मा घर पे नै है."

"अरेरे. अच्छा. स्वामी शरणम्."

संपलं. एवढं छोटं बोलणं त्या दोघांत तिनं कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे दिवस तसेच गेले. संक्रांतीला भगवंतराव तिळगुळाचा डबा देऊन गेले. कुसुमताई आल्या नाहीत. संदेश ऑफिसला जाऊ लागला. दीक्षेचे बाकीचे नियम हळूहळू सुटत होते. पहाटेची आंघोळ सातला आली, पायात चप्पल आली, काळ्या सदऱ्याच्या जागी ऑफिसचा शर्ट आला. आतली माळ मात्र तशीच. तो तसाच हॉलमध्ये चटईवर झोपत होता, बायकोला माता म्हणत होता आणि पीत नव्हता.

पहिले काही दिवस तेजश्री खूश होती. नंतर तिच्यातल्या लॅबवालीनं डोकं वर काढलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही, हे ती रोज नव्या मुलींना शिकवायची. इतकी वर्षं दीक्षेबरोबर सगळंच एकदम बदलायचं: कपडे, जेवण, झोप, सोबतीची माणसं. आता त्यातलं बरंचसं पूर्ववत झालं होतं. ठळक अशी एक माळच उरली होती. मग पीत नाही ते नक्की कोण? माळ की संदेश?

एका दुपारी लॅबमधून लवकर निघून ती गुरुस्वामींकडे गेली. मल्लेश गुरुस्वामी वीज खात्यातून निवृत्त झालेले, काचीगुड्यातच राहणारे. त्यांच्या गच्चीवर पत्र्याच्या मंडपात दरवर्षी पूजा चालायची. माणूस कडक. काही वर्षांपूर्वी एका स्वामीनं माळ घातली त्या दिवशी दारू एकदम सोडली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भजनातच त्याला झटके आले. तेव्हापासून रोज पिणाऱ्याला गुरुस्वामी आधी डॉक्टरांकडे पाठवत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हो म्हटलं, की मगच माळ. संदेशही या वेळी तसाच गेला होता. डॉक्टरांनी त्याला नंतरही यायला सांगितलं होतं. तो गेला नव्हता.

"माळ जास्त दिन रखे तो चलता क्या?" तिनं विचारलं. आठ वर्षांत तिची हिंदी बरीच हैदराबादी झाली होती.

"चलता. पर कायकू रखना, माता?"

"सास घर पे नहीं हैं. वो आए बगैर निकाल नहीं सकते ना."

गुरुस्वामींनी चष्मा काढला. "कौन बोला? माँ नै है तो मैं निकालतूं. कितने लोगां की माँ नै रहती. संदेश स्वामी कू मालूम है. आए सो दुसरे दिन फोन करके पूछे. मैं बोला, आ जाओ, पाँच मिनट का काम है."

"फिर?"

"आए नै. दो बार नीचे गली में दिखे. ऊपर नै आए." आणि मग त्यांनीच तिला विचारलं, "कायकू नै आए?"

घरी येऊन तिनं संदेशला काहीच विचारलं नाही. फक्त त्याच्याकडे बघत राहिली. तो राणीची दप्तराची तुटलेली चेन दुरुस्त करत होता. आईनं अडवून ठेवलंय म्हणून अडकून पडलेला माणूस असा दिसत नाही, असं तिला वाटलं.

रविवारी ती तारनाक्याला गेली. कुसुमताई भावाच्या बैठकीत सोफ्यावर बसून लसूण सोलत होत्या.

"पिला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"बघ! म्हणलं नव्हतं? माझ्या हातात होतं सगळं."

"आई, तुमच्या हातात काही नव्हतं. गुरुस्वामीसुद्धा माळ काढतात. संदेशला ते पहिल्यापासून माहीत आहे."

कुसुमताईंचा हात थांबला. "म्हणजे मी इथं सोफ्यावर झोपायलेय, पाठ धरलीय माझी, अन् अडवलं कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"मी पहिल्याच दिवशी म्हणलो होतो, अक्का," आतून भगवंतरावांचा आवाज आला.

"तू गप रे." थोडा वेळ त्या लसणाच्या पाकळ्या उगाच इकडून तिकडे करत राहिल्या. "मग काढून का घेईना तो?"

"तेच तर मला कळत नाहीये. तुम्हाला नाही वाटत बघावं?"

"अन् काढली अन् पिला तर?"

या प्रश्नाचं उत्तर तेजश्रीनं बसमध्ये तयार केलं होतं, पण ते तिला आठवलं नाही. "तर पिला," ती म्हणाली. "पण आई, मला हा असा स्वामी जन्मभर नकोय. राणीच्या शाळेत कार्यक्रम आहे, तिनं मला विचारलं, स्वामींना बोलावलं तर चालतं का. बापाला बोलवायला परवानगी मागते ती. आणि मला तो माता म्हणतो. मी चौतीस वर्षांची आहे."

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. आधी तेजश्रीला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी लसूण बाजूला सारला आणि त्या भावाला म्हणाल्या, "भगवंता, माझी पिशवी दे."

घरी पोचल्यावर संदेश नेहमीसारखा आईच्या पाया पडला. कुसुमताईंनी बसायच्याही आधी विचारलं, "गुरुस्वामीकडं का गेला नाहीस?"

त्यानं तेजश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी जाऊन आले. त्यांच्या गल्लीत दोनदा दिसलास म्हणे."

"तिथपर्यंत जात होतो."

"मग?"

"मग परत येत होतो." त्यानं गळ्यातल्या माळेत बोट अडकवलं. "ऑफिसात पार्टी असते ना," तो म्हणाला, "तिथं मी म्हणतो, माला में हूँ. बास. समोरचाच हात जोडतो. ग्लास भरलेला असला तरी बाजूला करतो, वर माफी मागतो. कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. माळ नसताना नको म्हणून बघा. का नको? तब्येत बरी नाही. मग एकच घे. डॉक्टर नको म्हणाला. डॉक्टर स्वतः घेत असेल. बायको रागावते. बायकोला घाबरतो का? असं चालतं. मी कारणं देत राहतो. कारणं संपली की पितो."

"म्हणजे नियमाचं काही नाही? देवाचा धाक?" कुसुमताईंनी विचारलं.

"आहे. पण देव वाईन्समध्ये येऊन विचारत नाही. नरसिंग विचारतो."

आता कुठं कुसुमताई खाली बसल्या. नंतर म्हणाल्या, "तुझ्या बापालाही विचारत होते लोक. तुळशीची माळ बघितली की गप व्हायचे." आपण हे आता नव्यानंच ऐकतोय, असा त्यांचा आवाज होता.

"मग राहू दे का माळ?" त्यांनी विचारलं. आणि हा प्रश्न त्यांनी मुलाला नाही, सुनेला विचारला.

तेजश्री म्हणाली, "मला नका विचारू. त्याला विचारा."

संदेशला ठरवायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तो ठेवू म्हणाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर म्हणाला, "काढू. पण आधी डॉक्टरांकडे जाऊन येऊ. तू चल." दवाखान्यात त्यानं माळेची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी ती नीट ऐकून घेतली, एक गोळी लिहून दिली आणि शनिवारी पिणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक असते तिला दोघांनी यायला सांगितलं. माळ काढा की ठेवा, हे तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. तलफ येईल, जोरात येईल, आणि तशीच ओसरेलही. ती ओसरेपर्यंत एकटे राहू नका.

गुरुवारी सकाळी कुसुमताईंनी देवापुढं नारळ फोडला. माळेची गाठ मानेवरच्या केसांत अडकली होती. ती सोडवताना संदेशनं डोळे घट्ट मिटून घेतले. माळ हातात आल्यावर दरवर्षी त्या काही बोलत नसत. या वेळी म्हणाल्या, "मी काढली. आता तुझं तू बघ."

"आता पप्पा म्हणायचं?" राणीनं विचारलं.

"म्हण."

"पप्पा, मग शाळेत सोडायला चला. चालत."

तो दिवस तेजश्रीनं लॅबमध्ये कसाबसा काढला. संध्याकाळी साडी वाळत घालायच्या निमित्तानं ती गॅलरीत उभी होती. संदेश नुकताच ऑफिसातून आला होता, फाटक लावत होता. तेवढ्यात नरसिंगची गाडी समोर येऊन थांबली.

"क्या स्वामी! माला निकली बोले गुरुस्वामी. हमारे कू बोले बी नै?"

"आज सुबह निकली."

"तो चल, बैठ. सब आए हैं. यादगिरी बी आया. तेरे वास्ते रुके हैं."

"नै आता."

नरसिंग हसला. "कायकू? दुसरी माला डाल लिए क्या?"

"नै."

"तबीयत?"

"अच्छी है."

"अम्मा कुछ बोले?"

संदेशनं नकारार्थी मान हलवली. तेजश्रीनं कठडा धरला. नरसिंगनं वर पाहिलं. "अच्छा, भाभी रोके! बोल ना, मैं बात करतूं. ओ भाभी!"

तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. संदेशनं आपल्यावर ढकललं तर लगेच हो म्हणायचं. मीच अडवलं, मीच वाईट. तिनं तोंड उघडलंही.

"उनकू कायकू बुलारा?" खाली संदेश म्हणाला. "कोई नै रोका. मैइच नै आरा."

"पैले तो आता था."

"हौ. आता था."

"तो आज क्या हुआ?"

संदेश फाटकाची कडी धरून उभा राहिला. नरसिंग वाट बघत होता. वर तेजश्रीही वाट बघत होती, आणि ज्याची तिला भीती वाटत होती ते होत नव्हतं. तो काहीच सांगत नव्हता. डॉक्टर नाही, गोळी नाही, बायको नाही.

"गूंगा हो गया क्या रे?"

"नै आरा भई. जा तू. वो लोगां राह देखरे."

नरसिंगनं गाडी सुरू केली. "बीस साल की दोस्ती में ऐसा करते नै संदेश," तो म्हणाला. या वेळी स्वामी म्हणाला नाही. गल्लीच्या टोकाशी त्यानं मुद्दाम जोरात हॉर्न वाजवला.

संदेश तिथंच उभा राहिला. रस्त्यावरून एक बस गेली, शेजारचे हणमंतराव दूध घेऊन गेले, त्यांना त्यानं ओळख दिली नाही. तेजश्री खाली गेली नाही. मग तो वर आला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. निम्मं पाणी शर्टावर सांडलं होतं.

"तो आता आठवडाभर फोन करणार नाही," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग करेल. नाहीतर यादगिरीला पाठवेल."

"तेव्हा काय सांगशील?"

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "माहीत नाही."

"मी येऊ का खाली, तेव्हा?"

त्यानं टॉवेल खुंटीला लावला. आतून कुसुमताईंनी हाक मारली, भाकरी गार व्हायल्यात म्हणून.

"गॅलरीत थांब," तो म्हणाला. "आज थांबली होतीस तशी."

आणि जाऊन राणीशेजारी पाटावर बसला.